पाळकांची बदली, कमिटीची मुदत आणि मधले ९० दिवस (खानदेशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी)

पांझराकाठ

सलाम मंडळी.

मे संपत आला की पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, बदलीची पत्रं निघतात आणि मग सप्टेंबरपर्यंत कमिट्यांची धावपळ चालते. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना उपयोगी पडेल असा एक धागा असावा म्हणून हा काढतोय. आपल्याकडे बिशप नेमणूक करतात अशा मंडळ्या आहेत, अलायन्स परंपरेतल्या म्हणजे मंडळीच पाळकाला बोलावते अशा आहेत, स्वतंत्रही आहेत. नियम वेगवेगळे, घोळ मात्र तेच ते.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना धरू. मिशनच्या काळातली शहरातली मंडळी. ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेला. घटना म्हणजे टाइप केलेली सहा पानं. पाळक पदसिद्ध अध्यक्ष. कमिटीची तीन वर्षांची मुदत ३० जूनला संपते, नवे पाळक १५ जूनला येतात. कंपाउंडला लागून दोन गाळे भाड्याने दिलेले, आणि तालुक्यातल्या सहा गावांत प्रार्थनाघरं.

कोणतं काम आधी, कोणतं नंतर, अडतं कुठे? उपदेश रविवारी ऐकतोच, इथे कामाचं लिहा.

रजिस्टरवाला

पहिलं काम, धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल एकचा, म्हणजे तिथल्या रजिस्टरातल्या ट्रस्टच्या नोंदीचा, ताजा उतारा. कपाटातली झेरॉक्स चालणार नाही. उताऱ्यावर विश्वस्तांची नावं, नवा विश्वस्त कसा यायचा त्याची पद्धत आणि स्थावर मिळकत एवढं नीट वाचा.

तुमच्या नमुन्यात पाळक पदसिद्ध आहेत. म्हणजे प्रत्येक बदली हा ट्रस्टमधलाच बदल झाला, आणि त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत कळवायचा असतो. हे सहसा कुणी केलेलं नसतं. उतारा हातात पडल्यावर कळतं की कागदावरचे अध्यक्ष देवाघरी जाऊनही बरीच वर्षं झाली.

अशा वेळी फक्त शेवटचा बदल कळवून भागत नाही, साखळी जोडावी लागते. अ गेले ब आले, ब गेले क आले, असा प्रत्येक दुव्याचा वेगळा चेंज रिपोर्ट (बदल कळवायचा अर्ज). सोबत त्या त्या वेळचं नियुक्तीपत्र, गेलेल्याचा मृत्यूचा दाखला किंवा हयात असल्यास राजीनामा वा ना हरकत. उशीर माफ करण्याचा अर्ज प्रत्येकाला जोडायचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, त्याचा खर्च भरावा लागतो. कारण जे असेल ते लिहा. पाच रिपोर्टांना एकच छापील कारण चिकटवलं की समोरच्याला लगेच दिसतं.

नव्या कमिटीच्या रिपोर्टाला लागणारे कागद: सभेची सूचना, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपत्रक, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र. यातला पोचल्याचा पुरावा सगळ्यात कच्चा असतो. ‘रविवारी व्यासपीठावरून सांगितलं’ हे घटनेत तसं लिहिलं असेल तरच चालेल. घटना ‘लेखी सूचना’ म्हणत असेल तर सह्यांचं रजिस्टर फिरवा, बाहेरगावच्यांना पोस्टाने पाठवा आणि पावत्या फाइलला लावा.

विश्वस्तांच्या नावांतल्या बदलाला आता १५ कामकाजी दिवसांत तात्पुरती मंजुरी देता येते. त्यानंतर ३० दिवस हरकतींसाठी. कुणी हरकत घेतली नाही तर तीच मंजुरी कायम होते. हरकत आली की चौकशी, आणि मग वकील, तारखा, सगळं आलं.

कळण्याची_भाकरी

रजिस्टरवाले भाऊंनी सूचनेचं सांगितलं, त्याच्याही आधी सभासद यादी. हरकत यादीवरच येते. मतदार कोण? बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा विधी) झालेला, वर्गणी भरलेला, की अमुक वयाचा? घटनेत जे असेल त्याप्रमाणे यादी करा, सभेच्या आधी निदान दोन रविवार दाराशी लावा आणि दुरुस्त्या लेखी घ्या. पुण्या-सुरतेला राहणारी पण ‘आमची मंडळी हीच’ म्हणणारी घरं असतात, त्यांचा निर्णय सभेत नको, यादीच्या वेळीच. सभेत नाव घ्यायला गेलात की त्या घराचं बोलणं बंद होतं ते पुढच्या नाताळापर्यंत.

आणि तारीख! शहादा, तळोदा, नवापूर, साक्रीकडच्या गावमंडळ्यांतली कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात ती एप्रिल-मेपर्यंत. जानेवारीत वार्षिक सभा ठेवली तर गणसंख्या भरणार नाही, आणि भरली तरी ‘आम्ही नसताना उरकून घेतली’ हा आरोप आहेच. होळीच्या आधीचा आठवडाही सोडा, भोंगऱ्याच्या बाजारापुढे सभेला कोण येतंय? जूनचा पहिला किंवा दुसरा रविवार बरा. पेरणीचा पाऊस पडायच्या आत.

गणसंख्या नाही म्हणून तहकूब केलेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरवायची सवय असते. घटनेत तशी सोय असेल तरच ती वैध. घटना गप्प असेल तर नवी तारीख, नवी सूचना.

पांझराकाठ

मुदत ३० जूनला संपली आणि तोवर निवडणूकच झाली नाही तर?

रजिस्टरवाला

घटनेत ‘नवी कमिटी येईपर्यंत जुनी काम पाहील’ असं वाक्य आहे का बघा. असेल तर श्वास घ्यायला जागा आहे. नसेल तर मुदत संपलेल्या कमिटीने घेतलेली निवडणूक हा हरकतदाराच्या हातात आयता दिलेला मुद्दा. म्हणून सभा जूनमध्येच घ्या. कमिटीतलं कुणी उरलंच नसेल किंवा दोन गटांनी दोन कमिट्या निवडल्या असतील तर कलम ४७ खाली नवे विश्वस्त नेमण्याचा अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे करता येतो. तो शेवटचा उपाय.

इतिवृत्ताबद्दल एक. ‘सर्वानुमते’ हा शब्द सवयीने लिहू नका. असं लिहा:

‘ठराव क्र. ४ : पुढील सात जणांची दि. १ जुलैपासून तीन वर्षांसाठी विश्वस्त म्हणून निवड करण्यात येत आहे. (नावे) सूचक … अनुमोदक … बाजूने ६१, विरोधात ९, तटस्थ ४.’

विरोधातले ९ कागदावर दिसले तर ते नऊ जण सहसा हरकत घ्यायला जात नाहीत. सर्वानुमते लिहिलं की जातात.

रेल्वेकॉलनी

बँकेचं सांगतो. निवड झाल्या दिवसापासून विश्वस्त काम पाहू शकतो, चेंज रिपोर्ट मंजूर होईपर्यंत थांबायची गरज नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांत आलेलं आहे. पण काउंटरवरच्या माणसाला निकाल नको असतो, नवी नावं असलेलं शेड्यूल एक हवं असतं. मधल्या काळात पाळकांचा पगार अडतो. जुलै-ऑगस्टमध्ये नव्या गावात, पोरांच्या शाळेच्या फिया तोंडावर, आणि पगार नाही.

उपाय सोपा आहे, पण आधी करायचा. खात्यावर तीन सह्या, कोणत्याही दोन चालतील, आणि तिघांची मुदत एकाच वर्षी संपू देऊ नका. त्याच सभेत ठराव करा की नव्या सह्या बँकेत नोंदेपर्यंत जुने खजिनदार फक्त पगार, वीजबिल आणि ठरलेल्या देण्यांपुरती सही करतील. रकमेची कमाल मर्यादा ठरावातच लिहा.

दुसरं, दारातला क्यूआर कोड. तो कुणाच्या खात्याला जोडलेला आहे ते आज जाऊन तपासा. खजिनदाराच्या स्वतःच्या बचत खात्याला जोडलेला कोड हे सध्याचं सगळ्यात कॉमन प्रकरण. खजिनदार प्रामाणिक असला तरी ते पैसे त्याच्या उत्पन्नात दिसतात आणि ट्रस्टच्या हिशोबात दिसत नाहीत. ऑडिटरने विचारलं की दोघेही गोत्यात.

दानार्पण मोजण्याची साधी रीत: उपासना संपल्यावर तिथेच, दोन माणसं, एकमेकांच्या नात्यातली नकोत, आणि त्यात खजिनदार नको. छापील पट्टी ठेवा: ५०० च्या इतक्या, २०० च्या इतक्या, १०० च्या इतक्या, खाली चिल्लर, पाकिटातलं दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) वेगळं. दोघांच्या सह्या. मग पैसे खजिनदाराकडे, तो पावती देणार. सोमवारी बँकेत सगळं भरायचं, त्यातून खर्च करायचा नाही. पाहुण्या उपदेशकाचं मानधन दानपिशवीतून परस्पर देणं हे हिशोब बिघडण्याचं मूळ आहे. दिलंत की रोजकीर्द आणि बँक कधीच जुळत नाही.

वर्ष ३१ मार्चला बंद, ऑडिट सहा महिन्यांत म्हणजे सप्टेंबरअखेर. बदली नेमकी याच्या मध्ये येते, म्हणून जुन्या कमिटीने ३१ मार्चपासून निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा वेगळा हिशोब काढून सही करून द्यावा. परदेशी वर्गणीची नोंदणी असेल तर प्रमुख पदाधिकारी बदलल्याचं ४५ दिवसांत ऑनलाइन कळवायचं असतं. ट्रस्टचे ९० आणि हे ४५ यात गल्लत होते.

सातपुडा_पायथा

गावच्या प्रार्थनाघरांकडे वळतो. शहरातली कमिटी ती ‘आपली’ म्हणते, पण शेड्यूल एकवर त्यांतलं एकही नसतं. का, तर बहुतेक ती कुणा विश्वासी भावाच्या शेतात किंवा परसात उभी असतात. सातबारा त्याच्या नावावर. तो वारला की मुलांत वाटणी, एक मुलगा मंडळीत नाही, आणि कुलूप.

यावर हमखास सुचवलं जातं, ‘दानपत्र करून घ्या.’ थांबा. जमीन आदिवासीची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आडवं येतं. विक्री, दान, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा, सगळंच त्यात आलं. ट्रस्टमधले सगळे विश्वस्त आदिवासी असले तरी ट्रस्ट म्हणजे आदिवासी व्यक्ती नव्हे. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला किंवा गहाणाला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, बाकी हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांसोबत शासनाची पूर्वमान्यताही. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेलं दानपत्र हा नुसता कागद. उलट पुढे तक्रार झाली तर जमीन परत देण्याचा आदेश येऊ शकतो आणि त्या भावाच्या घराशी कायमचं वाकडं.

व्यवहार्य वाट एवढीच: मालकी त्याचीच राहू द्या. वापराबद्दल कुटुंबातल्या सगळ्या सज्ञान वारसांशी बसून बोला, वहीत नोंद करा. बांधकामावर ट्रस्टचा मोठा पैसा घालू नका. पत्रे, अँगल, बाक असं उचलून नेता येईल असं सामान ट्रस्टच्या जंगम यादीत दाखवा.

कापणीच्या सणाचंही सांगतो, नव्या पाळकांना हे माहीत नसतं. अर्पण धान्यात येतं: ज्वारी, मका, तूर, भोपळे, कोंबड्या, अंडी. लिलाव होतो आणि अंडं शंभरालाही जातं, कारण ती बोली प्रेमाची असते. पण बोली बोलून पैसे ‘पुढच्या रविवारी’ देणारे पुष्कळ. लिलावाची वही वेगळी ठेवा: वस्तू, वजन किंवा नग, देणारा, घेणारा, बोली, मिळाले, बाकी. जमेला फक्त मिळालेली रक्कम. पूर्ण बोलीच जमा धरली की वर्षअखेरीस खजिनदार खोटा ठरतो, बिचारा.

रजिस्टरवाला

गाळ्यांचं राहिलं. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त, शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ ची पूर्वमंजुरी. विक्रीला तर लागतेच. कर्ज काढायलाही परवानगी हवी. ‘आधी डिपॉझिट घेऊ, कंपाउंडची भिंत बांधू, मंजुरी नंतर बघू’ या क्रमाने गेलात की भाडेकरू कोर्टात आणि विश्वस्त चौकशीत.

विकारवाडी

कॅथोलिक बाजूने थोडकं. धुळे, जळगाव, नंदुरबार हे नाशिक धर्मप्रांतात येतात, हा प्रांत १९८७ चा. आमच्याकडे फादरांची नेमणूक बिशप करतात, मतदान नाही. पण ‘मग कमिटीला कामच काय’ असं नसतं. पॅरिश (स्थानिक चर्च) कौन्सिल सल्ला देते, तर फायनान्स कौन्सिल प्रत्येक पॅरिशला धर्मनियमांनुसार सक्तीची आहे. आर्थिक निर्णय तिला डावलून घेतले की बदलीच्या वेळी नव्या फादरांना न झालेल्या कामांची बिलं सापडतात. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू या तीन नोंदवह्यांची शेवटची नोंद कोणती, तिच्याखाली दोन्ही फादरांनी तारखेसह सही करावी. एवढ्या एका ओळीने पुढचे निम्मे वाद मिटतात.

रेल्वेकॉलनी

+१. आणि लग्नांचं? जूनमध्ये नवे पाळक आले आणि लगेच लग्नाच्या तारखा धरलेल्या असतात.

कळण्याची_भाकरी

हो, हे फार चुकतं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्न कोण लावू शकतो ते कलम ५ मध्ये आहे. बिशपांकडून दीक्षा झालेल्यांचं एक, बाकीच्यांना शासनाचा परवाना लागतो. परवाना त्या माणसाला असतो, मंडळीला किंवा पदाला नसतो. जुन्या पाळकांकडे होता म्हणून नव्यांकडे असेलच असं नाही. अधिकार नसताना लग्न लावलं तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे, ही गंमत नव्हे.

परवाना मागून घ्या आणि वाचा. कलम ६ चा आहे की ९ चा? ९ चा असेल तर वधूवर दोघेही भारतीय ख्रिस्ती हवेत. एक जण ख्रिस्ती नसेल तर त्या परवान्यावर लग्न लावता येत नाही. परवाना अजून आला नसेल तर ठरलेली लग्नं शेजारच्या मंडळीतल्या परवानाधारक पाळकांकडून लावा, नोंदही त्यांच्याच रजिस्टरात. नव्या पाळकांनी उपदेश करावा, आशीर्वाद द्यावा, कुणाचा मान जात नाही.

वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. जळगाव-भुसावळच्या मेमधल्या उन्हात कुणालाही दुपारी लग्न नको असतं, म्हणून पत्रिकेवर ६.३० छापतात आणि वरात येते पावणेआठला. बिशपांच्या खास परवान्यासारखे काही अपवाद कायद्यात आहेत, ते आपल्याला लागू आहेत असं धरून चालू नका. पत्रिकेवर ५ लिहा.

पार्सनेजची_चावी

सगळे कागदांवर बोलताय. येणाऱ्या कुटुंबाकडे बघू या जरा.

पार्सनेज (पाळकांचं राहतं घर) रिकामं झाल्यापासून नवं कुटुंब येईपर्यंत निदान दहा दिवस ठेवा. त्यात कौलं किंवा स्लॅबची गळती (पाऊस तोंडावर आहे), बोअरची मोटर, टाकी धुणं, वायरिंग, मोरीचा निचरा. सामानाची यादी दोन प्रतींत: कॉट २, पंखे ४, गॅसची शेगडी मंडळीची की पाळकांची. गेलेल्या पाळकांनी स्वतःच्या पैशाने बसवलेला कूलर मंडळीने आपला म्हणून ठेवून घेतला, अशा फालतू गोष्टीवरून पुढची वीस वर्षं कटुता राहते.

शाळेचे दाखले जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतात, म्हणून बदलीचं पत्र एप्रिलअखेर हातात पडावं यासाठी कमिटीने वरच्या कार्यालयाकडे पाठपुरावा करावा. सामान हलवण्याचा टेंपो आणि पहिल्या महिन्याचा पगार आगाऊ, हे बोलावणाऱ्या मंडळीचं काम. गावभेटींचं पेट्रोल पगारात धरू नका. सहा गावं, महिन्यात दोनदा, किलोमीटर मोजा आणि वेगळा भत्ता द्या, नाहीतर आधी लांबचं गाव सुटतं आणि मग पाळकांना आळशी म्हणतात.

राहण्याची जागा पदासोबत आहे, भाडेकरार नाही, हे नियुक्तीपत्रात हवं. पाळक सेवेत असताना वारले तर कुटुंबाने किती महिने राहायचं हे आधीच नियमात लिहा, सहा तरी. अंत्यविधीच्या आठवड्यात हा विषय काढणाऱ्या कमिट्या असतात.

पांझराकाठ

आणि गेलेल्या पाळकांचं काय? प्रेम असतं, लोक त्यांनाच बोलावतात.

पार्सनेजची_चावी

निरोपाच्या दिवशीच, त्यांच्याच तोंडून सांगितलेलं बरं: एक वर्षभर बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधीला नव्या पाळकांच्या निमंत्रणाशिवाय येणार नाही. घरगुती जेवणाला यावं, व्यासपीठावर नको. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रूपचे ॲडमिन तेच असतील तर तेही त्याच दिवशी सोडायचं. हसू नका, दोन गटांची सुरुवात तिथूनच होते.

नव्या पाळकांनीही पहिले सहा महिने उपासनेची वेळ, बाकांची रचना आणि गाण्यांचा क्रम याला हात लावू नये. मावची किंवा अहिराणीत एखादी उपासना सुरू करायची असेल तर १२ रविवारांचा प्रयोग म्हणून करा. महिला मंडळ आणि तरुण संघाला आधी विचारा, तेराव्या रविवारी मत घ्या. तारीख आधीच ठरलेली असली की विरोध करणारेही तोवर थांबतात. आठवड्यात एक दिवस पाळकांची सुटी, तो वार दारावर लिहा.

सातपुडा_पायथा

संडे स्कूलचं एक. मुलांबाबत काही तक्रार आली तर ‘कमिटी आपसात मिटवेल’ हा पर्यायच नाही. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. नव्या कमिटीच्या पहिल्या बैठकीत हे वाचून दाखवा.

अरुणावती

आमच्याकडे दोन छोट्या मंडळ्या एकत्र करायचं चाललंय. ठराव दोन्हीकडे झालेत. आता फक्त पाटी बदलायची ना?

रजिस्टरवाला

ताई, पाटी सगळ्यात शेवटी.

१९७० मध्ये नागपूरला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. शेजारच्या गुजरातेतली फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरेन त्यात सामील झाल्याचा ठराव झाला होता. वाद वर्षानुवर्षं चालून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला, आणि एकीकरणाच्या नुसत्या ठरावाने मिळकत नव्या मंडळीकडे जात नाही असं ठरलं. सोसायटी कायदा आणि ट्रस्ट कायदा यांची प्रक्रिया पार पडलेली नव्हती. आणि कायदा कोणता? तोच आपला १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा (तेव्हा नावात मुंबई होतं, आता आपल्याकडे महाराष्ट्र आहे).

तुमचे नोंदणी क्रमांक बघा. ‘एफ’ ने सुरू होत असतील तर सोसायटीही आहे. मग एकत्रीकरणासाठी १८६० च्या सोसायटी कायद्याचं कलम १२: प्रस्ताव लेखी, खास सभेची दहा दिवस आधी सूचना, तीन पंचमांश मतं, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या खास सभेत पुन्हा तीन पंचमांश. एकाच सभेत उरकलं असेल तर पुन्हा घ्या. नुसता ट्रस्ट असेल तर रस्ता वेगळा, धर्मादाय कार्यालयाकडून एकत्रीकरणाची योजना मंजूर करून घ्यावी लागते. दोन्हींचे ताजे उतारे आणि घटना घेऊन ट्रस्टचं काम करणाऱ्या वकिलाकडे बसा. तोवर दोन खाती, दोन रोजकीर्दी, दोन ऑडिट. उपासना खुशाल एकत्र घ्या, तिला परवानगी लागत नाही.

अरुणावती

क्रमांक एकाचा एफ आहे, दुसऱ्याचा डी. सभा एकच झालीय. पुन्हा सूचना काढायला सांगते.

विकारवाडी

एक विसरलं सगळ्यांकडून. कब्रस्तानाचा नकाशा कुणाकडे आहे? बहुतेक ठिकाणी तो जुन्या सेक्रेटरींच्या डोक्यात असतो. हस्तांतरणाच्या दिवशी त्यांना घेऊन जागेवर चाला, ओळ आणि नंबर टाकत वहीत उतरवा, राखून ठेवलेल्या जागांपुढे कुटुंबाचं नाव आणि पावती क्रमांक.

पांझराकाठ

पावती नसेल तर?

विकारवाडी

मग ‘पावती नाही’ असंच लिहा आणि सेक्रेटरींची सही घ्या. पाऊस पडून गवत वाढायच्या आत करा, नंतर दगडच दिसत नाहीत.